हा निघालोच!

७ एप्रिल १९२२. उत्तर फ्रान्समधल्या पिकार्डी प्रांतात त्या दिवशी धुकं होतं आणि पावसाची भुरभुर चालू होती. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून टपाल घेऊन निघालेलं एक विमान पॅरिसकडे चाललं होतं आणि पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळावरून प्रवासी घेऊन निघालेलं दुसरं विमान क्रॉयडनकडे. दोघेही जमिनीपासून जेमतेम दीडशे मीटर उंचीवरून, खालच्या रस्त्यावर नजर ठेवून उडत होते. त्या काळी रीतच ती होती. नकाशात रस्ता बघायचा, रेल्वेचे रूळ बघायचे, आणि त्यांचं बोट धरून मुक्काम गाठायचा. पण रस्ता एकच, आणि दोघांनी धरलेला तोच. धुक्यातून एकमेकांची तोंडं दिसली तेव्हा वळायला वेळ उरला नव्हता. सात माणसं गेली. त्यांत मधुचंद्राला आलेलं एक अमेरिकन जोडपंही होतं. प्रवासी विमानांची हवेत झालेली ही पहिली टक्कर.

एवढं मोठं आकाश, आणि त्यात दोन विमानांनी एकमेकांवर आपटावं! वाचताना पहिल्यांदा नवल वाटतं. पण आपल्या गावाकडची पायवाट आठवा. सगळं रान मोकळं असतं, तरी माणसं पायवाटेनंच जातात आणि तिथेच समोरासमोर येतात.

या अपघातानंतर विमान कंपन्यांची आणि वैमानिकांची क्रॉयडनला बैठक झाली आणि ठरलं की ठरलेल्या मार्गावर सगळ्यांनी उजवी बाजू धरून उडायचं. गंमत बघा, इंग्लंडात जमिनीवरची वाहतूक डावीकडून, आणि वर आकाशात मात्र उजवीकडून. विमानात रेडिओ हवाच, यावरही त्या वेळी जोर दिला गेला.

क्रॉयडनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आज टॉवर नावाचं जे काही आपण विमानतळावर पाहतो त्याचं मूळ तिथे आहे. १९२० साली तिथे लाकडी खांबांवर एक खोली उभारली गेली. उंची साधारण पंधरा फूट, चारी बाजूंना खिडक्या. आपल्याकडे शेतात राखणीला माळा असतो ना, त्याच्याच जातीची ती वस्तू. आत एक माणूस, एक रेडिओ आणि एक नकाशा. विमानातून आवाज आला की वेगवेगळ्या ठिकाणची केंद्रं तो कोणत्या दिशेनं आला हे ताडायची. नकाशावर त्या रेषा ओढल्या की जिथे एकमेकींना छेदतील तिथे विमान. मग तिथे टाचणी टोचायची आणि वैमानिकाला सांगायचं, बाबा रे, तू अमुक ठिकाणी आहेस. धुक्यात हरवलेल्या माणसाला जमिनीवरून त्याचा ठावठिकाणा सांगायचा, ही कल्पना त्या वेळी केवढी नवी असेल! जिमी जेफ्स नावाचा एक अधिकारी तिथे होता. हवाई वाहतूक नियंत्रकाचा जो परवाना निघाला, त्यातला एक नंबरचा परवाना १९२२ मध्ये त्याला मिळाला.

तिथेच फ्रेडरिक मॉकफर्ड हा रेडिओ अधिकारी होता. त्याला सांगण्यात आलं की संकटातल्या वैमानिकानं उच्चारायला एक शब्द शोधून दे, जो इंग्रजालाही कळेल आणि फ्रेंचालाही. जहाजांसाठी एसओएस होतंच, पण ते तारायंत्राच्या कट्ट-कडकट्टसाठी. तोंडानं बोलायला गेलं की त्यातला 'स' खरखरीत विरून जाई. क्रॉयडनची बरीचशी वाहतूक ल बुर्जेशी होती, म्हणून त्यानं फ्रेंच शब्द घेतला. 'मला मदत करा' या अर्थाचं फ्रेंच 'मेदे'. त्याचं इंग्रजी कानाला झालं 'मेडे'. १९२७ मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेनं तो मान्य केला. हा शब्द तीनदा उच्चारायचा असतो. एकदा म्हटला तर कुणी गप्पांत उच्चारला असेल असं वाटू शकतं. तीनदा म्हटल्यावर शंका राहत नाही. याचा थोरल्या बहिणीसारखा नाही तर धाकट्या बहिणीसारखा दुसरा शब्द 'पॅन-पॅन', तोही फ्रेंचच, मूळ अर्थ यंत्र बिघडणं. अडचण आहे पण जिवावर बेतलेलं नाही, अशा वेळी तो वापरतात.

आपल्याकडे त्या सुमारास काय होतं? जुहूचा विमानतळ १९२८ चा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एकटेच जुहूला उतरले, ते विमान 'पस मॉथ', एका इंजिनाचं. त्यात रेडिओ नव्हता. जमिनीवरूनही काही सांगणारं कुणी नव्हतं. जुहूची पट्टी समुद्रालगतच्या सखल जमिनीवर. पावसाळ्यात तिथे चिखल व्हायचा आणि विमानांना मुक्काम पुण्याला येरवड्याला हलवावा लागे.

मी पार्ल्यात आयुष्य काढलं म्हणून जुहूवर जरा रेंगाळते. पुढे सांताक्रूझचा मोठा विमानतळ झाला, आणि तो जुहूपासून इतका जवळ की परदेशी वैमानिकांची गफलत व्हायची. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनीचं कॉमेट हे नवंकोरं जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. पट्टी आखूड, उतरलं तर खरं, पण परत उडवायला नऊ दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ नं तेच केलं. ते पट्टी संपल्यावर पुढे गेलं आणि मोडलं. जीव कुणाचा गेला नाही. दोन्ही वेळा टॉवर सांताक्रूझचा आणि पट्टी जुहूची! परवानगी एका अंगणाची घ्यायची आणि शिरायचं शेजारच्या अंगणात, असा प्रकार.

अमेरिकेतली सुरुवात तर आणखी साधी. सेंट लुईसच्या लँबर्ट विमानतळावर १९२९ मध्ये आर्ची लीग नावाचा, पूर्वी विमानातून कसरती करणारा गडी नेमला गेला. एका हातगाडीवर मोठी छत्री, खुर्ची, वही, पाण्याचं भांडं आणि जेवणाचा डबा घालून तो सकाळी धावपट्टीच्या टोकाला जाऊन बसायचा. हातात दोन निशाणं. चौकडीचं दाखवलं की जा, लाल दाखवलं की थांब. उन्हाळ्यात छत्री, थंडीत जाडजूड कोट. पुढच्याच वर्षी क्लीव्हलँडला रेडिओ असलेला टॉवर आला. १ डिसेंबर १९३५ रोजी विमान कंपन्यांनीच वर्गणी काढावी तसं न्यूअर्कला एक केंद्र उघडलं. तिथे टेबलावर मोठा नकाशा आणि त्यावर विमानाच्या नावाची चिठ्ठी लावलेली छोटी वजनं. दर थोड्या वेळानं माणूस हातानं ती वजनं अंदाजानं पुढे सरकवी. त्या वजनांना म्हणत 'श्रिंप बोट', म्हणजे कोळंबीच्या होड्या. पुढच्या जुलैत सरकारनं ते केंद्र ताब्यात घेतलं. आणि हे केंद्र वैमानिकाशी थेट बोलत नसे बरं का! ते कंपनीच्या माणसाला फोन करी, तो वैमानिकाला सांगे. निरोप्यामार्फत चाललेला व्यवहार.

आता भाषेकडे येते, कारण माझा खरा जीव त्यात अडकलेला आहे.

रेडिओवर अक्षरं सांगताना फार घोटाळा होतो. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही सगळी एका माळेचे मणी. 'ब' 'भ' आणि 'प' 'फ' मागच्या बाकावर नीट पोचत नाहीत हे शिक्षकाला सांगायला नको. म्हणून प्रत्येक अक्षराला एक शब्द ठरवला. आधी ब्रिटिशांचा वेगळा, अमेरिकनांचा वेगळा. 'रॉजर' हा शब्द त्या जुन्या तक्त्यातला. आर म्हणजे 'रिसीव्ह्ड', मिळालं. आणि आरचा शब्द रॉजर. तक्ता बदलला, पण रॉजर टिकला. दुसऱ्या महायुद्धानंतर सगळ्या जगाला चालेल असा एकच तक्ता करायचं ठरलं. माँट्रियल विद्यापीठातले भाषातज्ज्ञ झाँ-पॉल विने यांनी त्यावर काम केलं. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश बोलणाऱ्या सगळ्यांना उच्चारता आला पाहिजे आणि खरखरीतही ओळखू आला पाहिजे, अशी प्रत्येक शब्दाची परीक्षा. १ मार्च १९५६ पासून तो तक्ता लागू झाला. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. त्यातला 'अल्फा' मुद्दाम 'एफ' घालून लिहिला, कारण 'पीएच' लिहिलं की सगळेच त्याचा 'फ' करतील याची खात्री नाही. 'जूलिएट'च्या शेवटी दोन 'टी', कारण फ्रेंच माणूस शेवटचा एकटा 'टी' गिळून टाकतो. काय बारकाई! आणि आकड्यांतही तसंच. नऊला 'नाइनर' म्हणायचं, म्हणजे 'फाइव्ह' आणि 'नाइन' यांची गल्लत नको. तीनला 'ट्री' म्हणायचं, कारण 'थ्री'तला 'थ' जगात फार थोड्यांच्या जिभेवर बसतो. आमच्या वेळी इंग्रजीच्या तासाला कुणी 'ट्री' म्हटलं असतं तर हातावर पट्टी बसली असती. इथे तोच शुद्ध उच्चार!

माझा नातू सुट्टीत आला की कॉम्प्युटरवर विमान चालवतो. कानाला हेडफोन, तोंडासमोर माइक. पूर्वी मला तो खेळ वाटायचा. एकदा शेजारी बसून सगळं विचारून घेतलं तेव्हा लक्षात आलं की यात खेळ थोडा आणि रीत फार आहे. विमान सुरू करायच्या आधी 'डिलिव्हरी'कडून मार्गाची मंजुरी घ्यायची. मग 'ग्राउंड'ला विचारून मागे सरकायचं आणि टॅक्सी करत धावपट्टीच्या तोंडाशी यायचं. तिथून 'टॉवर'. त्यानं पट्टीवर उभं राहायला सांगितलं तर नुसतं उभं राहायचं. उडायला सांगितलं तरच उडायचं. वर गेल्यावर दुसऱ्याच्या ताब्यात, आणखी वर तिसऱ्याच्या, आणि उतरताना हीच माळ उलटी. धावपट्टीचा आकडा म्हणजे होकायंत्रातली दिशा, शेवटचं शून्य काढून. मुंबईची 'सत्तावीस' म्हणजे दोनशे सत्तर अंश, पश्चिमेकडे तोंड. तिच्यावरून उडालेली विमानंच आमच्या डोक्यावरून जुहूच्या समुद्राकडे जातात. ते आकडे 'टू सेव्हन' असे सुटे सुटे म्हणायचे. 'ट्वेंटी सेव्हन' नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, समोरच्यानं जे सांगितलं त्यातला कामाचा भाग आपण परत म्हणून दाखवायचा. नातू म्हणाला, "आजी, हे सगळ्यात कंटाळवाणं. तो सांगतो ते मी ऐकलंय, तर पुन्हा कशाला म्हणू?"

मी म्हटलं, "अरे, ऐकलंस हे तुला माहीत. काय ऐकलंस हे त्याला कसं कळणार?"

आमच्या शाळेत श्रुतलेखन घेताना वरून विमान जायचं. मग मी थांबायचे आणि विमान गेल्यावर एखाद्या मुलाला सांगायचे, "शेवटचं वाक्य वाच रे." तो जे वाचायचा ते मी सांगितलेलं असायचंच असं नाही. इथेही अगदी तसंच. वैमानिकानं परत म्हणून दाखवणं हे अर्धं काम. टॉवरमधल्या माणसानं ते कान देऊन ऐकणं आणि चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करणं हे उरलेलं अर्धं.

हा नियम आज इतका कडक का, याचं उत्तर २७ मार्च १९७७ या तारखेत आहे.

स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी ग्रॅन कॅनरिया बेटावरच्या विमानतळात त्या रविवारी दुपारी फुलांच्या दुकानात बाँब फुटला. विमानतळ बंद झाला आणि तिकडे निघालेली विमानं शेजारच्या तेनेरीफे बेटावरच्या लोस रोदेओस या छोट्या विमानतळाकडे वळवली गेली. तिथे एकच धावपट्टी. एवढी विमानं आली की धावपट्टीला समांतर असलेल्या टॅक्सीच्या रस्त्यावरच ती उभी करावी लागली. त्यामुळे उडायचं असेल तर धावपट्टीवरूनच उलटं चालत टोकाला जायचं आणि तिथे वळून उडायचं, एवढाच मार्ग उरला. त्यांत दोन जंबो जेट होती. एक डच कंपनी केएलएमचं, दुसरं अमेरिकन पॅन ॲमचं.

केएलएमचे कॅप्टन याकोब फेल्डहाउजन फान झांतेन हे कुणी नवखे नव्हते. कंपनीत ७४७ चं प्रशिक्षण देणाऱ्यांचे ते प्रमुख होते. कंपनीच्या जाहिरातीत त्यांचं छायाचित्र असे. डच सरकारनं वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नियम नुकतेच कडक केले होते. उशीर झाला तर त्या दिवशी पुढे जाता येणार नाही ही चिंता त्यांना होती. थांबलो आहोत तर इंधन भरून घेऊ म्हणून त्यांनी पंचावन्न हजार लिटर भरलं. पॅन ॲमचं विमान मागे अडकून बसलं. तेवढ्यात ढग खाली उतरले. लोस रोदेओस समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर आहे. तिथलं धुकं म्हणजे जमिनीला टेकलेले ढगच.

केएलएम धावपट्टीच्या टोकाला जाऊन वळून उभं राहिलं. पॅन ॲम त्याच पट्टीवरून मागोमाग येत होतं. त्यानं तिसऱ्या फाट्याला बाहेर पडावं असं सांगितलं होतं, पण तो फाटा मागे राहिला आणि ते चौथ्याकडे चाललं होतं. टॉवरला दोन्ही विमानं दिसत नव्हती. दोन विमानं एकमेकांना दिसत नव्हती. जमिनीवरचं रडार तिथे नव्हतं. उरला फक्त आवाज.

टॉवरनं केएलएमला मार्गाची मंजुरी दिली. उड्डाणानंतर उजवीकडे वळा, अमुक उंची गाठा, वगैरे. ही मंजुरी म्हणजे उडाल्यावर कसं जायचं ते. उडा असं नव्हे. पण त्या वाक्यात 'टेकऑफ' हा शब्द होता. केएलएमच्या सहवैमानिकानं ती परत म्हणून दाखवली आणि शेवटी जोडलं, आम्ही आता टेकऑफला आहोत, अशा अर्थाचं काहीतरी. विमान तेव्हा सुटलेलं होतं. टॉवरला वाटलं, टेकऑफच्या जागी उभे आहेत. त्यानं म्हटलं 'ओके', आणि एका श्वासानंतर, थांबा, मी सांगेन. त्याच क्षणी पॅन ॲमही बोललं, आम्ही अजून पट्टीवरच आहोत. रेडिओवर दोघं एकाच वेळी बोलले की शब्द उमटत नाहीत, नुसती शिट्टी ऐकू येते. केएलएमच्या कानात पडलं ते एवढंच: 'ओके', आणि मग शिट्टी.

त्यांच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. ते विमान बाहेर गेलेलं नाही का, असं त्यानं विचारलंही. कॅप्टननं ठाम होकार दिला, गेलं म्हणून. एवढ्या मोठ्या, अनुभवी माणसापुढे तो पुन्हा बोलला नाही.

केएलएममधली सगळी २४८ आणि पॅन ॲममधली ३३५ माणसं गेली. एकूण ५८३. पॅन ॲममधली ६१ माणसं वाचली. दोन्ही विमानं धडधाकट होती.

पुढे त्या सहवैमानिकाच्या वाक्यावर भाषेच्या अभ्यासकांनी बराच विचार केला. डच भाषेत क्रिया चालू आहे हे सांगायला क्रियापदाच्या आधी जो शब्द येतो, तो इंग्रजी 'ॲट'च्या जवळचा. म्हणजे त्याच्या मनात 'उडत आहोत' असेल आणि तोंडून इंग्रजीत 'उड्डाणाला आहोत' बाहेर पडलं असेल. हे वाचलं तेव्हा मला आपली मराठी आठवली. घरून फोन आला की आपण म्हणतो, "हा निघालोच!" आणि पायांत चपलाही नसतात. निरोप घेताना म्हणतो "येतो", आणि जातो. जेवायला हाक मारली की "आलो, आलो" म्हणत पेपर वाचत बसतो. घरात हे चालतं, कारण आपण एकमेकांना ओळखून असतो. 'निघालोच' म्हणजे अजून अर्धा तास हे घरातल्या बाईला पाठ असतं. धुक्यात, रेडिओवर, परक्या भाषेत बोलणाऱ्या दोन अनोळखी माणसांना ही सोय नसते.

या अपघाताच्या स्पॅनिश चौकशी अहवालात एक मुद्दा आहे, तो मला विलक्षण वाटतो. कॅप्टन फान झांतेन यांची कित्येक वर्षं प्रशिक्षणात, म्हणजे मोठ्या प्रमाणात सिम्युलेटरमध्ये गेली होती. आणि सिम्युलेटरमध्ये टॉवर नसतो. शिकवणाराच टॉवर होतो, तोच परवानगी देतो, आणि बऱ्याचदा तर बोलणंच होत नाही. परवानगीशिवायच विमान उडवलं जातं.

सिम्युलेटरचा इतिहास पाहिला तर हे सुरुवातीपासूनच तसं होतं. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावात एड लिंक याच्या वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता. पोराला विमानाचं वेड. ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून त्यानं १९२९ मध्ये एक खोटं विमान बनवलं, लहानसं, आखूड पंखांचं, जागच्या जागी डुलणारं. आधी ते जत्रेतल्या खेळण्यासारखं समजलं गेलं. १९३४ मध्ये अमेरिकेच्या लष्कराकडे टपाल वाहण्याचं काम आलं आणि खराब हवेत वैमानिक पटापट मरू लागले, तेव्हा लष्करानं सहा यंत्रं घेतली. महायुद्धात सुमारे पाच लाख वैमानिक त्यावर शिकले असं सांगतात. त्या यंत्राच्या बाजूला एक टेबल असायचं. त्यावर नकाशा, आणि विद्यार्थी जसा उडेल तशी शाईची रेघ मारत चालणारं एक छोटं चाकांचं यंत्र, ज्याला 'खेकडा' म्हणत. टेबलाशी शिक्षक, माइक घेऊन. टॉवरही तोच, रेडिओ केंद्रही तोच, परीक्षकही तोच. जो शिकवतो त्याला कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही. तीस-पस्तीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

फान झांतेन यांच्यावर सगळं ढकलून मोकळं व्हावं असं मी म्हणत नाही. डच लोकांनी बोलण्यातल्या संदिग्धतेवर बोट ठेवलं, तेही खोटं नाही. 'ओके' तर टॉवरचाच होता. अखेर केएलएमनं जबाबदारी घेतली आणि नुकसानभरपाई दिली.

त्यानंतर बदललं ते असं. 'टेकऑफ' हा शब्द फक्त दोनच वेळा उच्चारायचा: उडायची परवानगी देताना, किंवा ती रद्द करताना. एरवी सगळीकडे 'डिपार्चर'. वैमानिक 'डिपार्चरला तयार' म्हणेल, 'टेकऑफला तयार' म्हणणार नाही. नुसतं 'ओके' किंवा 'रॉजर' म्हणून भागवायचं नाही. कामाचे शब्द परत म्हणायचे. आणि तिसरं, हाताखालच्या माणसाला शंका आली तर त्यानं ती पुन्हा पुन्हा बोलावी आणि वरिष्ठानं ती ऐकावी, याचं वैमानिकांना रीतसर शिक्षण देणं सुरू झालं.

तरी शब्द चुकायचे ते चुकलेच. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचं विमान न्यूयॉर्कवर घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आलं आहे, आम्हाला प्राधान्य द्या, असं सहवैमानिक सांगत होता. 'मेडे' किंवा 'इमर्जन्सी' हा शब्द त्यानं उच्चारला नाही, आणि तो शब्द आल्याशिवाय टॉवरच्या लेखी संकट नव्हतं. इंधन संपलं, विमान लाँग आयलंडवर पडलं, ७३ माणसं गेली. मॉकफर्डनं शोधून ठेवलेला शब्द हाताशी होता.

आणि आपलं चरखी दादरी. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीहून सौदी अरेबियाचं जंबो वर चढत होतं, त्याला मर्यादा १४ हजार फुटांची. समोरून कझाकस्तानचं विमान उतरत होतं, त्याला १५ हजारांवर थांबायला सांगितलं होतं. समोर सौदी विमान आहे, हेही नियंत्रकानं सांगितलं होतं. दिल्लीचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे असल्यामुळे जाण्याचा आणि येण्याचा मार्ग तेव्हा एकच होता. रडारही असं की विमान दिसायचं पण त्याची उंची दिसत नसे. उंची कळायची ती वैमानिक तोंडानं सांगेल तेवढीच. कझाक विमानात इंग्रजी बोलणारा रेडिओवाला वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे. त्याच्यासमोर उंची दाखवणारं स्वतःचं यंत्र नव्हतं; वैमानिकांच्या खांद्यावरून वाकून बघावं लागे. १५ हजारांवर आलो असं कळवल्यावरही विमान खाली येत राहिलं. ३४९ माणसं हरियाणातल्या शेतांवर पडली. हवेतल्या टकरींमध्ये याहून मोठी दुसरी नाही. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनं कझाक विमानानं परवानगीशिवाय उंची सोडली हे कारण दिलं आणि इंग्रजीच्या तोकडेपणाकडेही बोट दाखवलं. मग दिल्लीत येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारं रडार आलं, आणि टक्कर टाळायचा इशारा देणारं यंत्र भारतात सक्तीचं झालं. पिकार्डीच्या त्या एका रस्त्याला तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षं झाली होती.

घरगुती कॉम्प्युटरवरच्या विमानांचं पुढे काय झालं तेही सांगते. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर १९८२ चा, ब्रूस आर्टविक यानं लिहिलेला. वीसएक वर्षं तो शिकागोच्या तळ्याकाठच्या मेग्ज फील्ड या चिमुकल्या विमानतळावरून सुरू व्हायचा. खरं मेग्ज फील्ड तिथल्या महापौरांनी ३० मार्च २००३ च्या रात्री बुलडोझर घालून उखडलं. जगभरच्या ज्या मुलांनी तिथून हजारदा उड्डाण केलं, त्यांतल्या बहुतेकांनी ते कधी पाहिलंही नव्हतं. त्या जुन्या खेळात टॉवर नव्हता. बटण दाबलं की उडायचं. खेळातच बोलणारा टॉवर आला तो २००२ च्या आवृत्तीपासून. त्याआधी २००१ मध्ये व्हॅटसिम नावाची मंडळी एकत्र आली होती. तिथे एक जण वैमानिक होतो आणि दुसरा, कुठल्या तरी तिसऱ्या देशात घरी बसून, बिनपगारी टॉवर होतो. टॉवर व्हायचं तर आधी अभ्यास आणि परीक्षा. नातवाला एकदा असाच कुणी टॉवर भेटला. मुंबईची सत्तावीस, मध्यरात्र, आणि समोर एकही विमान नाही. तरी त्यानं ह्याला पट्टीच्या तोंडाशी तीन मिनिटं थांबवून ठेवलं, कारण ह्यानं उंचीचा आकडा परत म्हणून दाखवला नव्हता.